स्वस्त टायर की महागडा: आपल्या गाडीला काय लागते ते कसे ठरवावे

टायर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न किमतीचा पडतो. एकाच मापाचे दोन टायर शेजारी शेजारी उभे असतात, दोन्ही काळेभोर, दोन्हींवर ताजी नक्षी, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट, कधी दुप्पट. हा फरक कशाचा, तो कोणाच्या कामी येतो आणि कोणाच्या बाबतीत पैसे वाया जातात, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरवता येते. मात्र दुकानात पाऊल टाकण्याआधी गाडीवरचा जुना टायर नीट वाचून घ्यायला हवा.

जुन्या टायरवरून हात फिरवा

गाडी सपाट जागेवर लावा आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची अख्खी रुंदी समोर येते. तारा किंवा काचा बाहेर आलेल्या नाहीत ना हे पाहून तळहात आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत फिरवा, मग उलट आणा. जाताना गुळगुळीत आणि परत येताना करवतीच्या दातांसारखे खरखरीत लागले, तर चाके एकमेकांना समांतर धावत नाहीत. फक्त एकच कड झिजली असेल तरीही बहुतेक वेळा अलाइनमेंटच, म्हणजे चाकांची सरळ रेषेतली जुळणीच, बिघडलेले असते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला, तर हवा सतत कमी होती. मधला पट्टा झिजून कडा उभ्या असतील तर हवा जास्त होती. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, गेले आहे.

हे आधी करायचे, कारण अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीला महागडे टायर घालणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे. टायर कितीही उत्तम असला तरी काही हजार किलोमीटरमध्ये त्याची कड खाल्ली जाते आणि मग दोष टायरवर येतो. दोष आधी दुरुस्त करा. त्या खर्चानंतर बजेट कमी उरले आणि एक पायरी खालचा टायर घ्यावा लागला, तरी गाडी आधीपेक्षा चांगली चालेल.

नक्षीची खोलीही मोजा. नव्या कार टायरची खोली साधारण ८ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. बाहेरचे रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर संपला. अनेक देशांच्या कायद्यात हीच किमान मर्यादा आहे. पावसातली पकड मात्र त्याच्या कितीतरी आधी घसरू लागते. त्यामुळे ३ मिलिमीटर उरले की नव्या टायरचा शोध सुरू करा. वेळ हाताशी असला की घाईत मिळेल ते उचलावे लागत नाही.

मापात तडजोड नाही

स्वस्त असो वा महाग, माप, भारक्षमता आणि वेगश्रेणी या तीन गोष्टी गाडीच्या कंपनीने सांगितल्याप्रमाणेच हव्यात. ही माहिती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत असते. जुन्या टायरवरून माप उतरवू नका, कारण आधीच्या कोणीतरी चुकीचे माप बसवलेले असू शकते.

समजा टायरवर १९५/६५ आर १५ ९१ एच असे लिहिले आहे. १९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भारांक: एक टायर ६१५ किलो पेलतो. एच म्हणजे कमाल २१० किलोमीटर वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

स्वस्तात देताना नेमका भारांकच काही पायऱ्या खाली सरकतो. ९१ च्या जागी ८८ आला की एका टायरमागे ५६० किलोच उरतात, म्हणजे एका अॅक्सलवर, पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, ११० किलोंची घट. एकटे असताना काही जाणवणार नाही, पण पाच माणसे आणि सामान घेऊन उन्हात निघालात की टायर क्षमतेच्या काठावर चालतो, तापतो आणि आतून सुटू लागतो. सांगितलेल्यापेक्षा जास्त भारांक चालतो, कमी कधीच चालत नाही. वेगश्रेणीचेही तेच. तुम्ही १२० च्या वर कधी जात नसाल, तरी ती श्रेणी टायर किती उष्णता सोसतो तेही सांगते.

जास्तीचे पैसे जातात कुठे

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक, वळण, पिकअप, सगळे या चार तळहातांतून जाते. म्हणून किमतीतला खरा फरक नक्षीत कमी आणि रबराच्या मिश्रणात जास्त असतो.

फिरणारा टायर प्रत्येक फेरीत एकदा जमिनीशी दाबला जातो आणि सुटतो. या दाबासुटीत रबर जितकी ऊर्जा गिळते तितके इंधन वाया जाते. ब्रेक मारताना मात्र तेच रबर रस्त्याच्या बारीक खडबडीवरून सेकंदाला हजारो वेळा दाबले जाते, आणि तिथे ऊर्जा गिळणारे रबर हवे असते, कारण तीच पकड. म्हणजे एकाच रबराकडून दोन उलट मागण्या आहेत. जुन्या पद्धतीच्या काजळी मिसळलेल्या रबरात एक साधले की दुसरे सुटते. १९९० च्या दशकापासून काजळीच्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका, म्हणजे वाळूच्या कुळातली बारीक पांढरी पूड, वापरली जाऊ लागली आणि दोन्ही मागण्या बऱ्याच अंशी एकत्र जमू लागल्या. पण सिलिका रबरात सहजासहजी मिसळत नाही. तिला रबराशी जोडणारे वेगळे रसायन लागते, मिश्रण जास्त वेळ आणि काटेकोर तापमानात घोटावे लागते. त्याला खर्च येतो, आणि चांगल्या टायरच्या किमतीत तो दिसतो.

बजेट टायर बनवणारे सगळे फसवतात असे अजिबात नाही. त्यांनाही सिलिका ठाऊक आहे. फक्त एका ठरावीक किमतीत बसवायचे तर कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो ओल्या रस्त्यावरच्या पकडीत आखडला जातो. कारण साधे आहे. टायर किती टिकला हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसते. ओल्या रस्त्यावर गाडी किती मीटर आधी थांबली असती, हे कोणालाच दिसत नाही.

हे मीटर किती महत्त्वाचे असतात ते आकड्यांत पाहा. ओल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या दोन सारख्या गाड्या एकाच क्षणी ब्रेक मारतात असे धरा. एक ३५ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४२ मीटर लागतात. सात मीटर म्हणजे दीड-पावणेदोन गाड्यांची लांबी, फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्याच रेषेवर दुसरी अजून ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. मध्ये माणूस असेल तर हा फरक साधा उरत नाही.

बाकीचा पैसा बांधणीत जातो. साइडवॉलवर बारीक अक्षरांत थरांची यादी असते: ट्रेडखाली, म्हणजे नक्षीच्या रबराखाली, पोलादाचे दोन पट्टे, एक-दोन थर पॉलिएस्टरचे, वर नायलॉनचे आच्छादन, असे काहीतरी. ही यादी दोन्ही टायरवर बऱ्याचदा सारखीच निघते. फरक पडतो तो थर किती अचूक बसवले यात, कारण त्यावरच टायर किती गोल, किती समतोल हे ठरते. बॅलन्सिंगच्या मशीनवर ते उघडे पडते. कमी दर्जाच्या टायरला वारंवार जास्त वजने लावावी लागतात आणि तरी एखाद्या वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते. बॅलन्सिंगने वजन जुळते, टायरचा वाकडेपणा जात नाही.

आणि हो, महाग टायरच्या किमतीचा एक हिस्सा जाहिरातींचाही असतो. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका, आकडे वाचा.

लेबल कसे वाचावे आणि कुठे फसायला होते

युरोपात १ मे २०२१ पासून लागू असलेल्या लेबलवर दोन श्रेणी ए (सर्वोत्तम) ते ई अशा असतात, एक इंधनाची आणि एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीची. शिवाय टायरचा बाहेरचा आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. यातली ओल्या पकडीची श्रेणी सर्वांत आधी पाहा. दोन टायर बाकी सगळ्यात सारखे असतील तर तिच्यावर निर्णय घ्या. इंधनाची श्रेणी दुसऱ्या क्रमांकावर, कारण त्या बचतीवर कमी हवा सहज पाणी फिरवते.

काही टायरवर अमेरिकेतल्या पद्धतीचे तीन शब्द असतात. ट्रेडवेअर हा आकडा झिजेचा, ट्रॅक्शन ओल्या पकडीचे, त्यात डबल ए सर्वोत्तम आणि सी शेवटचे, आणि टेंपरेचर उष्णता सोसण्याचे, ए ते सी. ट्रेडवेअर ४०० असेल तर तो २०० वाल्याच्या दुप्पट टिकावा, असे गणित आहे. पण ही श्रेणी प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो आकडा बरा. दोन वेगळ्या कंपन्यांत त्याचा फारसा उपयोग नाही. मोठा ट्रेडवेअर म्हणजे चांगला टायर असेही समजू नका. रबर कडक केले की झीज आपोआप कमी होते आणि पावसात गाडी घसरते. ट्रेडवेअर भरपूर आणि ट्रॅक्शन बी असलेला स्वस्त टायर दिसला, तर टिकाऊपणा कशाच्या बदल्यात मिळतोय हे तिथेच कळते.

लेबलमध्ये एक गोष्ट येत नाही. चाचणी नव्या टायरची असते, आणि आपण तर बहुतांश काळ अर्धवट झिजलेला टायर चालवतो. दुकानात टायर उजेडाकडे वळवा आणि ट्रेडच्या ठोकळ्यांमधल्या बारीक चिरा पाहा. त्या खाचेच्या जवळजवळ तळापर्यंत उतरल्या आहेत, की वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच संपतात? उथळ चिरा टायर निम्मा झिजताच नाहीशा होतात, मग उरतात ते सपाट ठोकळे आणि चार उभ्या खाचा. पाण्याचा पातळ थर तोडण्याचे काम त्या चिराच करतात. एवढे पाहायला एक मिनिट लागतो, आणि फरक पुढच्या दोन पावसाळ्यांत जाणवतो.

किलोमीटरमागचा हिशेब

महाग टायर जास्त टिकतो म्हणून शेवटी स्वस्तच पडतो, हे वाक्य सर्रास ऐकू येते. अर्धे खरे आहे. सोपे आकडे घेऊन पाहू. स्वस्त टायर १०० एककांना पडतो आणि ३५ हजार किलोमीटर चालतो; महाग १६० एककांना आणि ५५ हजार चालतो असे धरा. बसवणे, वॉल्व्ह, बॅलन्सिंग यांचे दोन्हीकडे १० एकक धरा. म्हणजे हजार किलोमीटरमागे स्वस्ताला ३.१४ एकक, महागाला ३.०९. जवळजवळ बरोबरी, आणि वर पकड चांगली. इथे महाग टायर सरळ जिंकतो.

आता वर्षाला सहाच हजार किलोमीटर चालणारी गाडी घ्या. ५५ हजार व्हायला नऊ वर्षांहून जास्त लागतील. रबर मात्र किलोमीटर मोजत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते उभ्या गाडीवरही कडक होत जाते आणि साइडवॉलला बारीक भेगा पडतात. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासावा आणि दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही उरली असो बदलावा, असे कित्येक टायर कंपन्या सांगतात. काही गाड्यांच्या पुस्तिकेत सहाच वर्षांची मर्यादा असते. सहा वर्षांत ३६ हजार होतील, म्हणजे महाग टायरमधले १९ हजार किलोमीटर तसेच फेकले जातील. कमी चालणाऱ्या गाडीला महाग टायरचा टिकाऊपणा परत मिळत नाही, मिळते ती फक्त पकड. ती हवी असेल तर जरूर घ्या, पण बचत होईल या आशेने घेऊ नका.

हाच हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून बघा: किंमत अधिक बसवणावळ, भागिले वयाची मर्यादा येईपर्यंत तुमची गाडी प्रत्यक्षात चालेल तेवढे किलोमीटर.

मग कोणी काय घ्यावे

महामार्गावर नेहमी ८०-१०० च्या वर चालणारी गाडी, भरपूर पावसाचा प्रदेश, घाटरस्ते, पूर्ण भरून प्रवास: यांपैकी दोन गोष्टी लागू असतील तर वरच्या दर्जाचा टायर घ्या, त्यात काटकसर नको. इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू. बॅटरीमुळे ती जड असते आणि मोटारीची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते, त्यामुळे साधा टायर भराभर झिजतो.

गाडी शहरात ४०-५० च्या वेगाने, थोडीच फिरत असेल, किंवा वर्षभरात विकायची असेल, तर मधल्या फळीतला टायर पुरेसा आहे. मोठ्या कंपन्यांचे दुय्यम ब्रँड याच फळीत येतात आणि त्यांत बऱ्याचदा मूळ कंपनीचे आधीच्या पिढीचे तंत्र असते. कित्येक गाड्यांसाठी हाच सर्वांत शहाणा पर्याय ठरतो. अणकुचीदार खडीच्या रस्त्यावर रोज जायचे असेल तर टायर झिजण्याआधीच कापला जाण्याची शक्यता मोठी असते. तिथेही नाजूक, महागड्या टायरपेक्षा मजबूत साइडवॉलचा मध्यम टायर बरा.

अगदी तळाचा, अनोळखी नावाचा, लेबल नसलेला टायर आम्ही कोणालाच सुचवणार नाही. पैसे फारच कमी असतील तर दुसरा मार्ग शोधा. तुमच्या गाडीला कंपनीने लहान रिमचाही पर्याय दिला असेल तर तो पाहा: १७ इंचांच्या स्वस्त टायरच्या किमतीत १५ इंचांचा चांगला टायर बरेचदा येतो, आणि तो जास्त आरामदायीही असतो. वापरलेला टायर घेण्याचा मोह टाळा. हवा नसताना चालवलेल्या टायरची साइडवॉल आतून चुरडलेली असते, आत रबराचा भुगा पडलेला असतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चारही एकदम बदलणे जमत नसेल तर एका अॅक्सलची जोडी बदला आणि दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. नवी जोडी मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पाण्यावर पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही. चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत मात्र चारही टायरचा घेर जवळजवळ सारखा लागतो. झिजेतला फरक किती चालेल ते पुस्तिकेत पाहा, नाहीतर चाकांमध्ये शक्ती वाटून देणारे डिफरन्शियल विनाकारण घासत राहते.

दुकानात

टायर बसवण्याआधी हातात घेऊन तारीख वाचा. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असू शकते, तेव्हा न दिसल्यास टायर उलटा करा. चारही टायरच्या तारखा पाहा, एकाच्या नव्हे. वर्षभराच्या आतला टायर उत्तम. दोन वर्षांहून जुना असेल तर दुसरा मागा. कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर आग्रहानेच मागा, कारण तिथे वय आधी संपणार आहे.

टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेला असेल तर साइडवॉलवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. आतली-बाहेरची बाजू वेगळी असेल तर तसे त्यावर लिहिलेले असते. घाईत एक चाक उलटे लागते आणि पावसात ते पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढते, तेव्हा गाडी जॅकवरून उतरण्याआधी चारही चाके स्वतः पाहून घ्या. रबरी वॉल्व्ह नवे टाकायला सांगा. रिमच्या काठावरचा गंज आणि जुने रबर घासून काढले की नाही तेही पाहा, कारण हळूहळू हवा उतरण्याचे ते नेहमीचे कारण आहे. नट शेवटी टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायला हवेत. नुसत्या हवेच्या गनने आवळले तर डिस्कवर असमान ताण येतो आणि रस्त्यात पंक्चर झाले तर हातपान्याने ते सुटत नाहीत.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणे टाळा. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. हवा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा भरा. साइडवॉलवर लिहिलेला दाब कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. त्यानंतर महिन्यातून एकदा तपासत राहा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा जाते, आणि हवामान १० अंशांनी थंड झाले की आणखी दीड पीएसआय कमी दिसते. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहून घ्या.